नाक दुसऱ्याचं, नोकरी आपली

गेल्या अंकात पेशीच्या अंगावरच्या रिसेप्टरविषयी, म्हणजे बाहेरच्या रेणूची खबर आत देणाऱ्या प्रथिनाविषयी, मी दोन परिच्छेद लिहिले आणि वाटलं, झालं. कसलं काय! पत्रं आली, व्हॉट्सॲपवर फोटो आले, आणि एका काकांनी मला नाशिकच्या कॉलेज रोडला भाजी घेताना गाठून, हातातली कोथिंबिरीची जुडी हलवत दहा मिनिटं धारेवर धरलं. निवडक प्रश्नांना इथे उत्तरं देते. जे हे सदर पहिल्यांदाच वाचतायत त्यांच्यासाठी सांगते: अंबडच्या एका औषध कारखान्यात मी एकोणतीस वर्षं क्यूसीच्या, म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या, मायक्रो लॅबमध्ये काढली. शेती मला दिरांच्या बागेपुरतीच माहीत, त्यामुळे फवारणीचं वेळापत्रक मला विचारू नका.

प्रश्न : मॅडम, निफाड तालुक्यात माझी साडेतीन एकर थॉमसन द्राक्षाची बाग आहे. गेल्या आठवड्यात एक एजंट बागेत आला. जेवणाच्या डब्याएवढं यंत्र दाखवलं. यात ‘जिवंत पेशींचं नाक’ आहे म्हणे, पानावर डाऊनी रोगाचा ठिपका दिसायच्या पाच दिवस आधी मोबाइलवर मेसेज येतो. वर मण्यातला रेसिड्यू, म्हणजे औषधाचा उरलेला अंशही सांगतो. बुकिंगचे ११,००० मागतोय. २०१० साली सीसीसी या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या भानगडीत आमचा माल अडकला होता, तेव्हापासून रेसिड्यू म्हटलं की पोटात गोळा येतो. सोबत दोन फोटो पाठवले आहेत. घेऊ का?

भाऊ, अकरा हजार खिशातच राहू द्या. का ते सांगते, पण जरा लांबून यावं लागेल, कारण एजंट सांगतो ती गोष्ट अगदीच बनावट नाही. खरी गोष्ट उचलून त्याने ती भलत्याच डब्यावर चिकटवली आहे.

माझं माहेर भद्रकालीतलं, जुन्या वाड्यातलं. दिंडी दरवाज्याबाहेर एक दोरी लोंबायची. ती ओढली की माजघरात घंटा वाजायची. पाहुणा बाहेरच उभा, पण आत लगेच धावपळ: आजी चुलीवर आधण ठेवायची, काकू पसारा खाटेखाली ढकलायची. पेशीचा रिसेप्टर (पाठ्यपुस्तकात ‘ग्राही’) म्हणजे हीच दोरी-घंटा. बाहेरचा रेणू आत येत नाही, फक्त दोरी ओढतो, आणि पेशीच्या आत ठरलेली कामं सुरू होतात. यातलं सगळ्यात मोठं घराणं पेशीच्या पडद्यातून सात वेळा आतबाहेर वळलेल्या प्रथिनांचं. ते नेमकं कसं चालतं हे उलगडल्याबद्दल रॉबर्ट लेफकोविट्झ आणि ब्रायन कोबिल्का यांना २०१२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. बाजारातल्या साधारण एक तृतीयांश औषधांचं काम याच घराण्याच्या दोऱ्या ओढणं किंवा अडकवून ठेवणं. आपलं नाकही याच घराण्यातलं: लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ साली वासाचे रिसेप्टर शोधले. माणसात असे चालू स्थितीतले सुमारे चारशे आहेत.

आता गंमत इथून पुढे. बाहेरची दोरी आणि आतली धावपळ या दोन गोष्टी सुट्या करता येतात. दुसऱ्याच्या वाड्याची दोरी आणून आपल्या वाड्याला बांधा. ओढणारा नवा, आतली माणसं जुनीच.

यीस्ट घ्या. तुमच्या शेजारच्या वायनरीत रसाची वाइन करतं तेच, बेकरीतल्या पावातलंही तेच. यीस्टमध्ये दोन जाती असतात, ‘ए’ आणि ‘अल्फा’. अल्फाने सोडलेला एक छोटा प्रथिनाचा तुकडा ‘ए’च्या दोरीला लागला की ती पेशी वाढ थांबवते आणि लग्नाच्या तयारीला लागते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या मंडळींनी २०१७ साली काय केलं, तर ‘ए’ची ही दोरी काढून तिथे रोगट बुरशींच्या लग्नाच्या दोऱ्या बांधल्या. माणसाला लागणाऱ्या, पिकाला लागणाऱ्या आणि अन्न नासवणाऱ्या, अशा तिन्ही प्रकारच्या बुरशी त्यात होत्या. आणि आतल्या मंडळींना सांगून ठेवलं की घंटा वाजली तर लग्नाची तयारी नको, लायकोपीन बनवा. लायकोपीन म्हणजे टोमॅटोचा लाल रंग. त्या बुरशीने आपल्या जोडीदारासाठी सोडलेली हाक या यीस्टला ऐकू येते आणि ते कुंकवात बुडवल्यासारखं लाल होतं. मायक्रोस्कोप नको, वीज नको, उघड्या डोळ्यांना दिसतं. कागदाच्या पट्टीवर बसवूनही त्यांनी ते करून दाखवलं. मी ते वाचलं तेव्हा उठून स्वयंपाकघरात गेले आणि डब्यातलं सुकं यीस्ट हातावर घेऊन पाहत बसले. इतकी वर्षं हाताळलं, पण असं काही सुचलं नव्हतं हो.

पण तुमची अडचण ऐका. डाऊनी, ज्याला जुने लोक केवडा म्हणतात, ती खरी बुरशी नाहीच. ती शेवाळाच्या भाऊबंदांतली. ज्या प्रकारच्या लग्नाच्या हाकेवर हा सगळा खेळ उभा आहे, ती हाक डाऊनी घालत नाही. म्हणजे यीस्टची ही युक्ती डाऊनीला जशीच्या तशी लागू होणार नाही. एजंटला हे ठाऊक असतं तर त्याने निदान भुरीचं, म्हणजे खऱ्या बुरशीचं, नाव घेतलं असतं.

दुसरी एक वाट आहे. आपल्या रक्तातल्या ‘बी’ पेशींच्या अंगावर जे रिसेप्टर असतात ते मुळात प्रतिपिंडच (अँटिबॉडी). अमेरिकेत एमआयटीच्या लिंकन लॅबोरेटरीत २००३ साली अशा पेशींना हव्या त्या जंतूविरुद्धचं प्रतिपिंड दिलं, आणि आत समुद्रातल्या जेलीफिशचं एक प्रथिन ठेवलं, जे कॅल्शियम मिळताच प्रकाश टाकतं. जंतू चिकटला, कॅल्शियम उसळलं, पेशी चमकली. प्लेगचे पन्नासाहूनही कमी जंतू तीन मिनिटांच्या आत ओळखले. नाव ठेवलं कॅनरी, खाणीत विषारी वायूची वर्दी देणाऱ्या पक्ष्याचं. प्रतिपिंड जवळपास कशाविरुद्धही तयार करता येतं, त्यामुळे या वाटेने डाऊनी निदान तत्त्वतः पकडता यावी.

मग तुमच्या डब्यात यातलं काय आहे? दुसरा फोटो मी बोटांनी ताणून मोठा केला. मागच्या बाजूला, स्टिकरच्या खाली, बारीक अक्षरात ‘मेटल ऑक्साइड गॅस सेन्सर’ आहे. म्हणजे तापलेल्या ऑक्साइडच्या थरावर वायू आला की विजेचा विरोध बदलतो, स्वयंपाकघरातल्या गॅस गळतीच्या अलार्मचं चुलतभावंड. पेशी नाही, यीस्ट नाही, काही जिवंत नाही. बाजूने लोंबतेय ती पट्टी पानाचा ओलावा मोजणारी. गंमत म्हणजे त्या अख्ख्या डब्यातली कामाची वस्तू तीच. गोडी छाटणीनंतर अवकाळी आला की पान किती तास ओलं राहिलं आणि तेव्हा तापमान काय होतं यावरच डाऊनीचा अंदाज बांधतात. तेव्हा तो डबा हवामान यंत्र म्हणून, हवामान यंत्राच्या भावात देत असेल तर विचार करा. नाकाचे पैसे देऊ नका.

आणि खरोखर जिवंत पेशी असत्या तर मी आणखी जोराने नको म्हटलं असतं. प्राण्यांच्या पेशी म्हणजे जावईच. सदतीस अंश तापमान, पाच टक्के कार्बन डायऑक्साइड, दर दोन-तीन दिवसांनी ताजं खाद्य. एका उन्हाळ्यात शनिवारी रात्री आमच्या लॅबची वीज गेली, जनरेटर सुरूच झाला नाही, आणि रविवारी कुणी फिरकलं नाही. सोमवारी सकाळी इनक्युबेटरचं दार उघडलं तर बाटल्यांमधला गुलाबी द्रव जांभळा पडलेला, म्हणजे कार्बन डायऑक्साइड उडून गेलेला. मायक्रोस्कोपखाली पाहिलं, तर तळाला घट्ट धरून बसणाऱ्या पेशी हात सोडून तरंगत होत्या. अकरा आठवड्यांचं काम मी स्वतःच्या हाताने ब्लीचमध्ये ओतलं. तेही वातानुकूलित खोलीतलं. तुमच्या बागेत मे महिन्यात काय होईल सांगा बरं! यीस्ट त्या मानाने गरीब गाय, सुकवून ठेवलं तरी तग धरतं. म्हणून बागेत कधी काळी असलं काही आलंच तर ते यीस्टच्या पट्टीवरून येईल असं माझं मत.

आता रेसिड्यू. रिसेप्टर मिळतो तो कुणा ना कुणा जिवाला ज्या गोष्टीची खबर लागायला हवी होती तिचा, नाहीतर जी गोष्ट योगायोगाने त्या दोरीला अडकते तिचा. इमिडाचं, म्हणजे इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाचं उदाहरण घ्या. ते कीटकाच्या मज्जातंतूवरच्या एका रिसेप्टरलाच चिकटून त्याला मारतं. म्हणजे इमिडासाठी दोरी आहे. पण तुमचं सीसीसी वेलीच्या आत जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक बनवणाऱ्या विकराला (एन्झाइमला) अडवतं, तिथे दोरी-घंटा काही नाही. शिवाय युरोपात जिथे वेगळी मर्यादा ठरवलेली नाही तिथे किलोला ०.०१ मिलिग्रॅम धरतात. इतकं बारीक मोजायला आणि ते कुणाचं हे नावानिशी सांगायला प्रयोगशाळेतलं एलसी-एमएस यंत्रच लागतं. कंटेनरसोबत जातो तो त्याच यंत्राचा कागद, डब्यावरचा मेसेज बंदरावर कुणी वाचत नाही.

प्रश्न : सिडकोत माझा घरगुती मसाल्याचा उद्योग आहे. मिसळीचा काळा मसाला जास्त जातो. मिरचीचा प्रत्येक लॉट वेगळा निघतो. कधी ब्याडगीही झोंबते, कधी लवंगी नुसतीच दिसायला. तिखटपणा मोजायला पेशींचा सेन्सर वापरतात असं मुलगा म्हणाला. मला परवडेल का?

ताई, परवडणार नाही, पण तुमच्या मुलाने सांगितलेली गोष्ट शंभर नंबरी खरी आहे.

डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ साली नेमकं हेच केलं. तिखट जाणवणाऱ्या मज्जातंतूंमधली जनुकं काढली आणि ती एचईके-२९३ नावाच्या पेशींमध्ये थोडी थोडी वाटून टाकली. या पेशी मूळच्या मूत्रपिंडाच्या, १९७३ साली नेदरलंड्समधल्या लायडनला तयार केलेल्या. २९३ हा त्या प्रयोगाचा अनुक्रमांक. मूत्रपिंडाला मिरचीचं काय? पण ज्या पेशींत बरोबर जनुक पडलं होतं त्यांच्यावर कॅप्सेसिनचा, म्हणजे मिरचीतल्या तिखट रेणूचा, थेंब टाकताच कॅल्शियम आत शिरलं आणि त्या चमकल्या. असा टीआरपीव्ही१ हा रिसेप्टर सापडला. २०२१ च्या वैद्यकाच्या नोबेलमधला निम्मा वाटा या कामाचा. शोधासाठी मांडलेला तो प्रयोग आणि आजचा तिखटाचा सेन्सर यांत फारसा फरक नाही. पेशी त्याच, दोरी तीच, थेंब मात्र तुमच्या मसाल्याच्या अर्काचा.

हाच रिसेप्टर साधारण ४३ अंशांच्या वरच्या उष्णतेनेही उघडतो. मिसळीवर लगेच कढत चहा घेतला की जीभ का पेटते ते कळलं ना? तिखट आणि चटका दोघं एकच दोरी ओढतात.

पेशीच्या सेन्सरचा एक फायदा मात्र यंत्राला नाही. प्रयोगशाळेतलं एचपीएलसी यंत्र कॅप्सेसिन किती हे सांगेल. तुमच्या मसाल्यात मिरीही आहे, सुंठही असेल. मिरीतलं पायपेरीन आणि आल्या-सुंठीतले तिखट रेणू हेही टीआरपीव्ही१लाच झोंबतात. यंत्राला एकेक वेगळं शोधायला सांगावं लागतं. पेशी मात्र एकूण झोंब एका दमात सांगते. म्हणजे तुमच्या गिऱ्हाइकाच्या जिभेच्या जवळची.

पण कुणाची दोरी बांधली यावर सगळं अवलंबून. पोपट हिरवी मिरची काकडीसारखी खातो ते आपण बघतोच. पक्ष्यांचा टीआरपीव्ही१ उष्णतेला उघडतो, कॅप्सेसिनला मात्र दाद देत नाही, हे ज्युलियस यांच्याच प्रयोगशाळेने २००२ साली कोंबडीच्या रिसेप्टरवर दाखवलं. तो रिसेप्टर घेऊन कुणी सेन्सर बनवला तर तुमची जहाल लवंगी शून्य दाखवेल, आणि सेन्सर काही खोटं बोलत नसेल.

मोठ्या खाद्य कंपन्या असले पेशींचे ताटवे खरंच वापरतात, मुख्यतः नवीन गोडवा शोधायला आणि कडूपणा लपवायला. गोड ओळखणारा रिसेप्टर म्हणजे दोन प्रथिनांची एकच जोडी, कडू ओळखणारे मात्र पंचविसेक. (लहान मुलांच्या एका सिरपचा कडूपणा घालवायला आमच्या कारखान्यात लोक स्वतः चाखायचे. आठवड्यातून दोनदा. अजून ती चव गेली नाही.) एका दिवसात हजारो नमुने तपासायचे असतात तेव्हा हा खर्च भागतो. तुम्ही काय करा, हंगामातून एकदा मोठा लॉट घ्या, त्यातला पाव किलो बाहेरच्या प्रयोगशाळेत एचपीएलसीला द्या, आणि पुढच्या प्रत्येक लॉटची त्याच्याशी घरीच तुलना करा. विल्बर स्कोव्हिल यांनी १९१२ साली साखरेच्या पाण्यात अर्क पातळ करत नेऊन पाच जणांच्या जिभांवर हेच केलं होतं. घरात पाच जिभा मिळतील ना? सासूबाईंची धरू नका, त्यांना सगळंच अळणी लागतं.

प्रश्न : तुम्ही औषध कंपनीत होता. इंजेक्शनच्या चाचणीसाठी सशांना त्रास देतात हे खरं का? आता पेशी वापरत असतील तर बरंच आहे.

खरं आहे, आणि मी ते केलेलं आहे. इंजेक्शनमध्ये मेलेल्या जंतूंच्या कवचाचे कण राहिले तर माणसाला थंडी वाजून ताप भरतो. निर्जंतुक केलं तरी हे कण जात नाहीत. म्हणून ओळीने तीन ससे, मान लाकडी चौकटीत, गुदद्वारात तापमापक, कानाच्या शिरेतून इंजेक्शन, आणि तीन तास तापमानाची नोंद. आमच्याकडचा एक पांढरा ससा माझा आवाज ऐकला की कान मागे टाकायचा. नाव ठेवायचं नाही असा मी नियमच केला होता.

नंतर नालखेकड्याच्या निळ्या रक्ताची चाचणी आली. त्या रक्तातल्या पेशींचा अर्क जंतूंचे हे कण दिसले की गोठतो. ससा सुटला, खेकडा अडकला.

पण सशाला ताप येतोच का? कारण त्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर या कणांसाठी दोरी आहे, टीएलआर-४ नावाची. ती कुठली हे ब्रूस ब्यूटलर यांनी १९९८ साली शोधलं आणि २०११ च्या नोबेलमध्ये त्यांना वाटा मिळाला. मग एवढा अख्खा ससा कशाला? माणसाच्याच रक्तातल्या मोनोसाइट पेशी घ्या, त्यांच्यावर इंजेक्शनचा नमुना टाका, आणि ताप आणणारा जो निरोप त्या सोडतात तो मोजा. ही चाचणी २०१० साली युरोपीय औषधसंहितेत आली. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: पेशींचे रिसेप्टर उद्योगात ‘येणार आहेत’ असं जे लिहितात त्यांना माझं म्हणणं, ते कधीच आलेत. फक्त चमकदार डब्यात नाही, क्यूसीच्या मागच्या खोलीत, ९६ खळग्यांच्या प्लास्टिकच्या थाळीत. बाहेर कुणाला दिसत नाहीत एवढंच.

प्रश्न : पंचवटीत राहतो. रोज पहाटे गोदावरीवर जातो. पाण्यात गोळ्यांचे हार्मोन्स असतात आणि ते यीस्टने तपासतात असं वाचलं. रामकुंडाचं पाणी असं तपासून मिळेल का? आंघोळ करावी की नाही?

काका, तुम्ही दोन वेगळे प्रश्न एका तांब्यात घेतलेत.

यीस्टची चाचणी आहे. ब्रिटनमध्ये सांडपाणी मिसळणाऱ्या नद्यांतल्या नर माशांच्या अंगात अंड्यांचं प्रथिन तयार होऊ लागलं, तेव्हा तिथल्या दोघा संशोधकांनी, राउटलेज आणि सम्पटर यांनी, १९९६ साली माणसाचा इस्ट्रोजेन रिसेप्टर बसवलेलं यीस्ट वापरून ती जगापुढे मांडली. (हा रिसेप्टर पेशीच्या दारावर नसतो, आत माजघरात असतो, इस्ट्रोजेन थेट आत येतं.) पाण्यात इस्ट्रोजेनसारखं काही असलं की यीस्ट एक विकर सोडतं आणि पिवळा द्रव लाल होतो. २०१८ साली त्याचं आंतरराष्ट्रीय आयएसओ मानकही निघालं. तिचा गुण असा की गर्भनिरोधक गोळी असो, प्लास्टिकमधलं रसायन असो किंवा आणखी काही, सगळ्यांची मिळून बेरीज दाखवते. आणि दोषही तोच: गुन्हेगाराचं नाव सांगत नाही. ते शोधायला पुन्हा यंत्राकडे जावं लागतं.

पण त्याचा उपयोग माशांचं काय होतंय हे कळायला. तुमच्या आंघोळीचा प्रश्न मैलापाण्याच्या जंतूंचा आहे, आणि त्याला कॉलिफॉर्मची जुनी, स्वस्त चाचणी पुरते. मायक्रोबायोलॉजीची कुठलीही लॅब करते, दोन-तीन दिवसांत निकाल. निर्जंतुक बाटलीत नमुना घ्या, बाटली तोंडापर्यंत भरू नका, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. जिथे पाणवेली साचल्यात आणि बाजूने नाला येतोय तिथे मी स्वतः पाय घालत नाही. त्याला रिसेप्टर लागत नाही, आहे ते नाक पुरतं.

प्रश्न : बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ग्लुकोमीटर हा रिसेप्टर सेन्सरच ना? आणि या क्षेत्रात यायचं तर काय शिकू?

नाही रे बाळा. ग्लुकोमीटरमध्ये विकर असतं, एन्झाइम. लेलंड क्लार्क यांनी १९६२ साली मांडलेली कल्पना. विकर साखरेला पकडून तिचं दुसरं काहीतरी करतं आणि त्यातून वीज मिळते. रिसेप्टर काही करत नाही, फक्त कळवतो. म्हणूनच त्याच्यामागे कळवलेलं ऐकणारं घर लागतं, आणि अडचण सगळी त्या घराची. काय शिकशील? पेशी जिवंत ठेवायला शीक. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान संस्थेत पेशींचं भांडार आहे, उन्हाळ्यात तिथे पाय ठेवायला मिळतोय का बघ. आणि पिपेट हातात घेतल्यावर मोबाइल खिशात.

प्रश्न : पावसाळ्यात आमच्या नळाच्या पाण्याला ओल्या मातीचा वास येतो. यजमानांना येत नाही, मला येतो. माझ्या नाकात दोष आहे का? की पाण्यात?

दोष बहुधा तुमच्या यजमानांच्या नाकात, म्हणजे तसं बिनदिक्कत सांगा. तो वास बहुतेक जिओस्मिनचा. धरणाच्या पाण्यातले आणि मातीतले काही जिवाणू ते बनवतात. पहिल्या पावसाचा जो वास आपण उंबऱ्यात उभं राहून छातीत भरून घेतो त्यातही तेच. माणसाचं नाक याला विलक्षण तिखट: लिटरभर पाण्यात ग्रॅमचा काही अब्जांश भाग असला तरी कळतो. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी २०२४ साली माणसाचे वासाचे रिसेप्टर एकेक करून पेशींवर बसवून पाहिले, तेव्हा जिओस्मिनला एकानेच उत्तर दिलं, ओआर११ए१ त्याचं नाव. मग हाच रिसेप्टर इतर प्राण्यांचा घेऊन पाहिला, तर अमेरिकेच्या वाळवंटातल्या कांगारू उंदराचा जवळपास शंभरपट तिखट निघाला. पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेला सेन्सर बनवायचाच तर दोरी त्या उंदराची घ्यावी, असं मला वाटतं.

वास येतो म्हणून पाणी घातक ठरत नाही, आणि वास नाही म्हणून चांगलंही ठरत नाही. नुसता वास घालवायचा असेल तर कार्बनचा फिल्टर बसवा. हेच जिओस्मिन बिटातही असतं, म्हणून पोरं ‘माती लागते’ म्हणून बीट ढकलतात. आंबटात ते मोडतं. कोशिंबिरीवर लिंबू पिळा आणि वाढायच्या आधी दहा मिनिटं झाकून ठेवा.